गेमिंग संगणकासाठी मदरबोर्ड: सॉकेट, चिपसेट आणि बोर्डावरचे खरे फरक

एकच प्रोसेसर, एकच ग्राफिक्स कार्ड आणि रॅमचा एकच संच आधी साध्या बोर्डावर आणि मग त्याच्या तिप्पट किमतीच्या बोर्डावर बसवून एखादा गेम चालवला, तर फ्रेमच्या संख्येत पडणारा फरक बहुतेक वेळा इतका किरकोळ असतो, की एकाच बोर्डावर तोच गेम दोनदा मोजला तरी तेवढा पडावा. त्यामुळे कोणत्या बोर्डावर गेम जास्त वेगाने चालेल, या प्रश्नापासून सुरुवात केली तर निवड भरकटते. वेग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड देतात. तीन वर्षांनी कोणता प्रोसेसर बसवता येईल, रॅम तिच्या पाकिटावर छापलेल्या वेगाने चालेल की नाही, दुसरी एसएसडी लावल्यावर ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याचे काही कमी होईल का आणि तासन्‌तास खेळताना प्रोसेसरला वीज स्थिरपणे मिळत राहील का, या गोष्टी बोर्ड ठरवतो. शिवाय हा भाग बदलायचा झाला तर संगणकातले बाकी सगळे उतरवावे लागते. ग्राफिक्स कार्ड दहा मिनिटांत बदलता येते, बोर्डाचे तसे नाही. म्हणून आज किती फ्रेम मिळतात यापेक्षा पुढचे किती निर्णय हा बोर्ड मोकळे ठेवतो, या एका कसोटीवर मी पुढची सगळी तुलना केली आहे.

सॉकेट: चार पर्याय, चार वेगळी आयुष्ये

सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा. नवा संगणक जुळवणाऱ्यासमोर आज मुख्यतः चार सॉकेट येतात. एएमडीचे एएम४ आणि एएम५, तर इंटेलचे एलजीए१७०० आणि एलजीए१८५१.

एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये रायझन ७००० मालिकेबरोबर आला. त्यानंतर २०२४ मध्ये ८०००जी आणि ९००० या मालिका त्याच सॉकेटवर आल्या, आणि २०२२ साली विकत घेतलेला बोर्डसुद्धा बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारे बोर्डाचे स्वतःचे सॉफ्टवेअर, अद्ययावत केल्यावर त्या स्वीकारतो. या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. कंपन्यांच्या आश्वासनांवर डोळे मिटून विसंबू नये हे खरे, परंतु इथे आधीच्या सॉकेटचा इतिहास साक्षीला आहे. २०१७ साली एएम४ वर पहिले रायझन आले तेव्हाचे अनेक बोर्ड २०२२ मधला रायझन ७ ५८००एक्स३डी चालवू शकले. पहिल्या पिढीचा प्रोसेसर काढून त्या जागी त्या काळच्या सर्वांत वेगवान गेमिंग प्रोसेसरांपैकी एक बसवता येणे, तेही बोर्ड आणि रॅम न बदलता, ही सोय या क्षेत्रात फार क्वचित मिळते. तीही सरसकट मिळाली नव्हती, हे सांगायला हवे. काही जुन्या बोर्डांवर बायॉसची चिप १६ मेगाबाइटचीच असल्यामुळे नव्या प्रोसेसरांना जागा करून देण्यासाठी उत्पादकांना जुन्या प्रोसेसरांची साथ किंवा बायॉसचा देखणा मेनू वगळावा लागला.

इंटेलचा एलजीए१७०० हा २०२१ च्या अखेरीस बाराव्या पिढीबरोबर आला आणि तेराव्या व चौदाव्या पिढीपर्यंत चालला. त्याची जमेची बाजू अशी, की डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारच्या रॅमसाठी त्याचे वेगवेगळे बोर्ड मिळतात. ज्याच्याकडे डीडीआर४ चा चांगला संच आधीपासून आहे, त्याच्यासाठी ही खरी बचत आहे. मात्र बोर्ड या दोहोंपैकी एकाच प्रकारची रॅम घेतो, त्यामुळे नावात ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ आहे की नाही हे पाहिल्याशिवाय मागणी नोंदवू नये. या सॉकेटवर आता नवी पिढी येणार नाही. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे कायमची अस्थिरता निर्माण होण्याचा दोष आढळला होता. त्यावर इंटेलने २०२४ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणजे या सॉकेटचा बोर्ड घेताना, विशेषतः वापरलेला घेताना, त्यावर दुरुस्तीनंतरचा बायॉस टाकणे ही पहिली गोष्ट. प्रोसेसरही वापरलेलाच मिळत असेल, तर तो दुरुस्तीआधी किती काळ आणि कोणत्या सेटिंगवर चालला हे कळण्याचा मार्ग नसतो. अशा वेळी वरच्या श्रेणीचे प्रोसेसर टाळून बाराव्या पिढीकडे वळणे मला जास्त सुरक्षित वाटते.

एलजीए१८५१ ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २००एस मालिकेबरोबर आला. तो फक्त डीडीआर५ घेतो. व्हिडिओ संपादन, रेंडरिंग अशा कामांत ही मालिका चांगली आहे आणि आधीच्या पिढीपेक्षा वीजही कमी खाते, परंतु गेममध्ये तिचा सर्वांत वरचा प्रोसेसर प्रकाशनाच्या वेळी अनेक चाचण्यांत स्वतःच्याच आधीच्या पिढीच्या मागे राहिला, आणि रायझन ७ ७८००एक्स३डी तर त्याच्या पुढेच होता. केवळ गेमसाठी संगणक घेणाऱ्याला या सॉकेटकडे ओढून नेईल असे कारण मला दिसत नाही. काम आणि खेळ दोन्ही असतील आणि कामाचे पारडे जड असेल, तर मात्र विचार करण्याजोगा पर्याय आहे.

एक छोटी पण उपयोगी गोष्ट: एएम४ चे बहुतेक कूलर एएम५ वर बसतात, फक्त ते बोर्डाची मूळ मागची पट्टी वापरणारे असावेत. तसेच एलजीए१७०० चे कूलर साधारणपणे एलजीए१८५१ वरही बसतात. चांगला कूलर हाताशी असेल तर सॉकेट ठरवताना तोही हिशेबात धरावा.

चिपसेट: अक्षर वाचायला शिकणे

चिपसेट म्हणजे एसएसडी, यूएसबी वगैरे जोडण्या सांभाळणारी बोर्डावरची चिप. तिच्या नावातले अक्षर बोर्डाची श्रेणी सांगते, पण एएमडी आणि इंटेल या दोघांची अक्षरे एकाच मापाने मोजता येत नाहीत.

एएमडीकडे खालून वर ए६२०, बी६५० आणि बी८५०, मग एक्स८७० आणि एक्स८७०ई असा क्रम आहे. यांपैकी ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही, पण रॅमचे ईएक्सपीओ प्रोफाइल (रॅम तिच्या छापील वेगावर नेणारी तयार सेटिंग) चालते. बी मालिकेच्या मुख्य चिपसेटांवर दोन्ही करता येते. अपवाद बी८४० चा. त्याचे नाव बी८५० ला चिकटून असले तरी तो कुवतीने बराच खालचा आहे, त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग नाही आणि चिपसेटच्या लेन (माहिती वाहणारे मार्ग) पीसीआयई ३.० या जुन्या पिढीच्या आहेत. दुकानाच्या यादीत दोन्ही नावे शेजारी दिसली, की हा एका आकड्याचा फरक सहज नजरेतून सुटतो.

इंटेलकडे एच८१०, बी८६० आणि झेड८९०, तर आधीच्या पिढीत एच६१०, बी७६० आणि झेड७९० असा क्रम आहे. इथे प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याची मुभा फक्त झेड मालिकेला आहे. बी मालिकेवर रॅमचे एक्सएमपी प्रोफाइल (ईएक्सपीओसारखेच, इंटेलचे) चालते, पण प्रोसेसरचा गुणक, म्हणजे त्याचा वेग ठरवणारा आकडा, वाढवता येत नाही. ‘के’ अक्षराचा, म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारा प्रोसेसर बी बोर्डावर बसतो आणि त्याच्या नेहमीच्या वेगाने नीट चालतो. ज्याला ओव्हरक्लॉकिंगमध्ये रस नाही, त्याने केवळ ‘के’ आहे म्हणून झेड बोर्ड घेण्याचे कारण नाही. एच६१० वर मात्र रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि रॅमचा वेगही वाढवता येत नाही. गेमच्या दृष्टीने ही त्रुटी जाणवते, कारण रॅमचा वेग हा प्रोसेसरच्या कामगिरीवर थेट परिणाम करणारा घटक आहे.

आता मधल्या आणि वरच्या श्रेणीची तुलना. बी८५० आणि एक्स८७० यांत गेमरच्या दृष्टीने दोनच ठळक फरक आहेत. एक्स८७० वर ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट पीसीआयई ५.० असणे आणि यूएसबी४ असणे बंधनकारक आहे. बी८५० वर एसएसडीसाठी पीसीआयई ५.० हमखास मिळते, ग्राफिक्स स्लॉटचे बोर्डागणिक तपासावे लागते. म्हणजे अतिरिक्त पैसे बहुतांशी यूएसबी४ साठी जातात, आणि ज्याला ४० गिगाबिटचे बाह्य ड्राइव्ह किंवा डॉक लावायचे नाहीत, त्याच्या संगणकात ते पोर्ट रिकामेच राहते. एक्स८७०ई मध्ये चिपसेटच्या दोन चिप्स असतात, त्यामुळे एसएसडी, साटा (जुन्या पद्धतीच्या ड्राइव्हची जोडणी) आणि यूएसबीची संख्या वाढते. चार-पाच एसएसडी लावणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, एरवी नाही. गेमच्या संगणकाची सुरुवात बी श्रेणीपासून करावी आणि वर जाण्याचे नेमके कारण बोट ठेवून सांगता येत असेल तरच वर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेनचा हिशेब

बोर्डाच्या जाहिरातीत सर्वांत कमी बोलले जाते ते लेनबद्दल, आणि नंतर पस्तावण्याची सर्वाधिक शक्यता इथेच असते. ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी प्रोसेसरशी ज्या मार्गांनी बोलतात त्या पीसीआयईच्या लेन मोजक्या असतात. पाटाच्या पाण्यासारखे हे आहे: एका वाफ्याकडे जास्त वळवले, की दुसऱ्याकडे तेवढे कमी जाते.

एएम५ वरच्या रायझन ७००० आणि ९००० प्रोसेसरांकडून वापरासाठी २४ लेन मिळतात. त्यांतल्या १६ ग्राफिक्स कार्डाला, ४ पहिल्या एम.२ (बोर्डावर थेट बसणाऱ्या) एसएसडीला आणि उरलेल्या ४ दुसऱ्या एसएसडीला किंवा यूएसबी४ ला जातात. एक्स८७० वर यूएसबी४ सक्तीचे असल्यामुळे काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट आणि यूएसबी४ यांना त्याच चार लेन वाटून घ्याव्या लागतात. वरच्या श्रेणीच्या बोर्डावर अशी वाटणी निघावी आणि स्वस्त बी६५० किंवा बी८५० वर ती नसावी, हे ऐकायला विचित्र वाटते, पण कारण एवढे साधे आहे. रायझन ७ ८७००जी सारखे अंगभूत ग्राफिक्सचे प्रोसेसर ग्राफिक्स कार्डासाठी १६ ऐवजी ८ च लेन देतात, त्यामुळे असा प्रोसेसर घेऊन पुढे मोठे कार्ड लावण्याचा बेत असेल तर तोही नीट पारखून घ्यावा.

एलजीए१७०० वर प्रोसेसरकडे ग्राफिक्ससाठी पीसीआयई ५.० च्या १६ आणि एसएसडीसाठी पीसीआयई ४.० च्या ४ लेन आहेत. एसएसडीसाठी वेगळ्या पीसीआयई ५.० लेन नाहीतच. त्यामुळे झेड७९० च्या ज्या बोर्डांवर ‘जेन ५ एसएसडी स्लॉट’ (जेन ५ म्हणजे पीसीआयई ५.०) असे ठळक लिहिलेले असते, तिथे तो स्लॉट भरला की ग्राफिक्स कार्डाच्या लेन १६ वरून ८ वर येतात. एलजीए१८५१ ने ही उणीव दूर केली. तिथे ग्राफिक्सच्या १६ लेनशिवाय एसएसडीसाठी पीसीआयई ५.० च्या ४ आणि ४.० च्या ४ अशा स्वतंत्र लेन आहेत.

लेन निम्म्या झाल्याने प्रत्यक्षात किती बिघडते? पीसीआयई ५.० च्या ८ लेनची वहनक्षमता ४.० च्या १६ लेनएवढी, म्हणजे एका दिशेने सेकंदाला सुमारे ३२ गिगाबाइट असते. आरटीएक्स ५० मालिकेसारखे पीसीआयई ५.० चे कार्ड असेल तर ८ लेनवर जाणवण्यासारखा तोटा होत नाही. ४.० चे मोठे कार्ड ८ लेनवर आले तरी घट साधारण किरकोळच राहते. खरी अडचण दुसऱ्या टोकाला आहे. आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० टीआय किंवा रेडिऑन आरएक्स ७६०० ही कार्डे मुळातच ८ लेनची आहेत. ती जुन्या बी४५० किंवा नव्यानेही मिळणाऱ्या ए५२० सारख्या पीसीआयई ३.० च्या बोर्डावर बसवली, तर सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइटच वाट उरते. कार्डावरची ८ गिगाबाइट मेमरी पुरेनाशी झाली आणि गेम मुख्य रॅममधून टेक्स्चर ओढू लागला, की हीच अरुंद वाट अडखळण्याच्या रूपाने पडद्यावर दिसते. म्हणून महागड्या कार्डाच्या मालकापेक्षा मध्यम कार्ड घेणाऱ्याने स्लॉटची पिढी अधिक काळजीने पाहायला हवी. एएम४ वरच राहायचे असेल तर रायझन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरबरोबर बी५५० घ्यावा, कारण त्यावर ग्राफिक्ससाठी पीसीआयई ४.० मिळते.

हे सगळे तपासायचे कुठे? उत्पादकाच्या संकेतस्थळावरून बोर्डाची पुस्तिका उतरवून घ्यावी आणि तिच्यातला विनिर्देशांचा तक्ता तळटीपांसह वाचावा. ‘अमुक एम.२ स्लॉट वापरल्यास ग्राफिक्स स्लॉट ८ लेनवर चालेल’ किंवा ‘तमुक स्लॉट भरल्यास साटा ५ आणि ६ बंद होतील’ अशी वाक्ये तिथे बारीक अक्षरांत असतात. खरेदीच्या पानावर ती सहसा नसतात.

एसएसडीबद्दल एवढेच, की जेन ५ ड्राइव्ह सेकंदाला १४ गिगाबाइटपर्यंत वाचतात आणि जेन ४ सुमारे ७ पर्यंत, तरी गेम उघडण्याच्या वेळेत आज तरी या दोघांत फारसे अंतर पडत नाही. केवळ जेन ५ एसएसडीच्या स्लॉटसाठी महाग बोर्ड घेऊ नये.

व्हीआरएम: आकड्यांची झूल आणि त्याखालचे सत्य

प्रोसेसरला लागणारे साधारण एक-सव्वा व्होल्ट, पॉवर सप्लायकडून येणाऱ्या १२ व्होल्टपासून तयार करणारी यंत्रणा म्हणजे व्हीआरएम. कोअर आय९-१४९००के पूर्ण भारावर २५३ वॉट घेतो तेव्हा सव्वा व्होल्टच्या आसपास बोर्डाला सुमारे २०० अँपिअर प्रवाह सतत पुरवावा लागतो. हा प्रवाह जितक्या फेजमध्ये, म्हणजे समांतर शाखांमध्ये, वाटला जाईल तितकी प्रत्येक फेज कमी तापते. म्हणूनच खोक्यावर ‘१४+२+१’ असे आकडे मिरवलेले असतात. पहिला आकडा प्रोसेसरच्या कोअरसाठीच्या फेजचा, दुसरा आणि तिसरा इतर भागांचा. परंतु पहिला आकडाही तसाच्या तसा घेऊ नये. अनेक बोर्डांवर १४ म्हणजे प्रत्यक्षात नियंत्रकाच्या ७ फेज असतात आणि प्रत्येकीवर दोन-दोन घटक जोडलेले असतात. त्यात फसवणूक म्हणण्यासारखे काही नाही, ती मांडणी चांगली चालते. पण १४ चा बोर्ड १२ च्या बोर्डापेक्षा चांगलाच असेल असे त्यावरून सिद्ध होत नाही. प्रत्येक घटक ५० अँपिअरचा आहे की ८० चा, आणि त्यावरची हीटसिंक ठोस धातूची आहे की वरून देखणे प्लॅस्टिकचे आवरण आणि खाली पातळ पत्रा, यावर बरेच अवलंबून असते.

आता प्रोसेसर शेजारी ठेवून पाहू. रायझन ७ ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी या गेमसाठी सर्वांत नावाजलेल्या प्रोसेसरांची कमाल मर्यादा १६२ वॉट आहे, आणि बहुतेक गेममध्ये ते १०० वॉटच्या आतच राहतात. रायझन ५ ७६०० ची मर्यादा ८८ वॉट आहे. कोअर आय५-१२४००एफ ची कमाल ११७ वॉट, कोअर आय५-१४६००के ची १८१. याचा सरळ अर्थ असा, की एक्स३डी प्रोसेसर घेऊन फक्त गेम खेळणाऱ्याला, हीटसिंक असलेला मध्यम बी६५० किंवा बी८५० बोर्ड आरामात पुरतो, आणि सर्वांत वेगवान गेमिंग प्रोसेसर आहे म्हणून सर्वांत महाग बोर्ड हवा, हा समज टिकत नाही. उलट आय९ किंवा १६ कोअरचा रायझन ९ घेऊन तासन्‌तास रेंडरिंग करणाऱ्याने व्हीआरएमवर पैसे खर्च करावेत. ए६२० किंवा एच६१० च्या ज्या बोर्डांवर व्हीआरएमवर हीटसिंकच नसते, ते ६५ वॉटच्या वर्गातल्या प्रोसेसरांपुरतेच ठेवावेत. आज तो प्रोसेसर ठीक चालेल, पण उद्या वरचा बसवण्याचा मार्ग त्या बोर्डावर बंद होतो.

कूलरचा इथे एक संबंध आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. हवेच्या कूलरचा पंखा सॉकेटच्या आसपास थोडीफार हवा खेळती ठेवतो. लिक्विड कूलर लावला की प्रोसेसर थंड राहतो, पण सॉकेटभोवतीची हवा थांबते आणि व्हीआरएम आधीपेक्षा जास्त तापू शकते. साध्या बोर्डावर लिक्विड कूलर लावणार असाल, तर कॅबिनेटमध्ये मागचा किंवा वरचा पंखा त्या भागावरून हवा ओढेल असा ठेवावा.

परीक्षणे वाचताना फेज मोजण्यापेक्षा आपल्याच वर्गाच्या प्रोसेसरवर अर्धा तास पूर्ण भार देऊन व्हीआरएमचे तापमान मोजलेले आहे का, ते पाहावे. तो एक आकडा खोक्यावरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा खरा असतो.

रॅमचे स्लॉट: चार दिसतात, दोनच भरावेत

डीडीआर५ च्या काळात हा मुद्दा पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे. रायझन ९००० साठी रॅमच्या वेगाची एएमडीची अधिकृत मर्यादा दोन पट्ट्यांवर ५६०० आहे आणि चारही स्लॉट भरल्यावर ३६००. प्रत्यक्षात ईएक्सपीओ वापरून दोन पट्ट्या ६००० वर सहज चालतात, आणि एएम५ वर गेमसाठी तोच मुक्काम सर्वांत सोयीचा मानला जातो. चार पट्ट्यांवर तेवढा वेग मिळेलच याची शाश्वती नसते. म्हणून आज १६ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या घेऊन पुढे तशाच आणखी दोन घालण्याचा बेत, जो डीडीआर४ वर बहुधा निभावून जात असे, इथे महागात पडू शकतो. लागणार असेल तेवढी रॅम पहिल्यापासून दोनच पट्ट्यांत घ्यावी. त्यामुळे दोन स्लॉटचा बोर्ड म्हणजे तडजोड, असे गेमरने मानण्याची गरज नाही.

पट्ट्या सामान्यतः प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. पहिल्या आणि तिसऱ्यात बसवल्यास वेगवान प्रोफाइलवर संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते. एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना रॅमच्या प्रशिक्षणासाठी (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्यासाठी) काही मिनिटे पडदा काळा राहतो. अशा वेळी घाबरून वीज बंद करू नये.

बायॉस आणि अडचणीतली मदत

दोन बोर्ड बाकी सारखे असतील, तर मी बायॉस फ्लॅशबॅकचे बटण असलेला निवडेन. कारण असे, की बोर्ड महिनोन्‌महिने गोदामात पडून असतो आणि प्रोसेसर त्याच्यानंतर आलेला असतो. २०२३ मध्ये बनलेल्या बी६५० वर रायझन ९८००एक्स३डी बसवला तर जुना बायॉस त्याला ओळखत नाही, आणि बायॉस बदलायला चालणारा संगणक हवा, म्हणजे पेचच. फ्लॅशबॅक असेल तर नवी फाइल एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर पुस्तिकेत सांगितलेल्या नावाने ठेवायची, ती मागच्या बाजूच्या ठरावीक पोर्टमध्ये लावायची, पॉवर सप्लाय जोडून बटण दाबायचे आणि दिवा लुकलुकणे थांबेपर्यंत वाट पाहायची. प्रोसेसर आणि रॅम नसतानाही हे काम होते.

बायॉस एकदा टाकून विसरण्याची गोष्ट राहिलेली नाही. २०२३ च्या वसंतात काही एएम५ बोर्डांवर एक्स३डी प्रोसेसर जळाले, तेव्हा नव्या बायॉसने एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी नियंत्रकाच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या अस्थिरतेवरचा उपायही बायॉसमधूनच पोहोचला, आणि त्या निमित्ताने बोर्ड उत्पादक प्रोसेसरला ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा सैल वीज मर्यादा स्वतःहून लावत असल्याचेही समोर आले. त्यामुळे उत्पादक किती काळ बायॉस देत राहतो, याला किंमत आहे. ते जोखण्याचा एक साधा मार्ग असा: त्याच उत्पादकाच्या, त्याच श्रेणीच्या, तीन-चार वर्षे जुन्या बोर्डाचे सहाय्य पान उघडावे आणि शेवटच्या बायॉसची तारीख पाहावी. आपल्या बोर्डाच्या वाट्याला पुढे काय येणार आहे, याचा त्यावरून अंदाज येतो.

संगणक सुरू होईना तर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स किंवा बूट यांपैकी कुठे अडले आहे ते दाखवणारे चार बारीक दिवे आता स्वस्त बोर्डांवरही मिळतात. स्वतः जुळवणी करणाऱ्याने त्यांचा आग्रह धरावा.

आकार, पोर्ट आणि उरलेले

एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. एकच ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्याला, आणि आता दोन कार्डे जोडून खेळण्याचे दिवस संपलेच आहेत, मायक्रो एटीएक्स पुरेसा असतो. मिनी आयटीएक्स छोट्या कॅबिनेटची हौस असेल तरच घ्यावा, कारण तेवढ्याच सोयींसाठी जास्त पैसे पडतात आणि पंख्यांची जोडणी व एम.२ स्लॉट कमी मिळतात.

कॅबिनेटच्या दर्शनी भागावर यूएसबी टाइप-सी असेल तर त्याची जोडणी बोर्डावर आहे का ते पाहावे, नाहीतर ते पोर्ट नुसते शोभेचे राहते. वायफाय लागणार असेल तर त्याच बोर्डाची वायफाय असलेली आवृत्ती सुरुवातीलाच घेणे बरे, २.५ गिगाबिटचे नेटवर्क पोर्ट मात्र मध्यम श्रेणीत बहुतेक सगळीकडे मिळते. दिव्यांच्या जोडणीत एक धोका आहे. तीन पिनांची ५ व्होल्टची एआरजीबी आणि चार पिनांची १२ व्होल्टची आरजीबी या वेगळ्या आहेत. ५ व्होल्टचे दिवे बळेच १२ वर लावले तर ते जळतात.

कोणी काय घ्यावे

नवा संगणक, मुख्य काम गेम, आणि पुढे प्रोसेसर बदलण्याची इच्छा असेल, तर एएम५ वर फ्लॅशबॅक असलेला, व्हीआरएमवर ठोस हीटसिंक असलेला बी६५० किंवा बी८५० घ्यावा. पैसे कमी असतील तरी ए६२० पर्यंत उतरण्याआधी वायफाय किंवा दिवे सोडता येतात का ते पाहावे, कारण ती वाण नंतर भरून काढता येते, कमकुवत व्हीआरएमची नाही. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डाकडे वळवावेत. तिथे ते पडद्यावर दिसतात.

डीडीआर४ रॅम आधीपासून आहे आणि खर्च आटोक्यात ठेवायचा आहे, तर बी७६० चा डीडीआर४ बोर्ड आणि आय५-१२४००एफ ही जोडी आजही नेटकी आहे, फक्त हा मार्ग पुढे फार लांब जात नाही हे मान्य करून ती घ्यावी. गेमइतकेच वजन व्हिडिओच्या कामाला असेल तर बी८६० किंवा झेड८९० विचारात घ्यावा, आणि दोन-तीन वेगवान एसएसडी एकाच वेळी लावायच्या असतील तर त्यांच्या एलजीए१८५१ सॉकेटची लेनरचना खरोखर उपयोगी पडते.

ज्यांच्याकडे चालता एएम४ बोर्ड आहे, त्यांनी नवा बोर्ड शोधण्याआधी आपल्या बोर्डाच्या सहाय्य पानावरची प्रोसेसरांची यादी पाहावी. त्या यादीत रायझन ७ ५७००एक्स३डी असेल, तो रास्त किमतीत मिळत असेल आणि बोर्डाची व्हीआरएम नीट असेल, तर एका बायॉस अद्ययावतीकरणाने आणि थर्मल पेस्टच्या एका थेंबाने संगणक आणखी काही वर्षे चालेल, आणि मदरबोर्डची खरेदी तेवढा काळ पुढे ढकलता येईल.